खांदा आणि कीबोर्ड

"पण महाराज, लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड जोडला की चालतो आणि आतला मात्र मुका. याला काय म्हणायचं?" वामननं विचारलं.

"मला विचारतोस?" निरंजनबुवा म्हणाले. "मला तर दोन्हीतलं काही दिसत नाही."

बुवांची नजर अधू. डोंगरावरच्या त्या मठात ते कुठंही जायचे ते वामनच्या खांद्यावर हात ठेवून. वामन पुण्यातली कंपनी सोडून आलेला. बुवा बोलायचे, वामन लॅपटॉपवर टिपायचा. आल्यागेल्याला ऐकवायचा, "महाराजांचा शब्दन् शब्द माझ्याकडे आहे."

त्या सकाळी दोघं पायऱ्या उतरत होते. वामनच्या काखेतला लॅपटॉप निसटला. वामननं झेप घेतली. बुवांच्या हाताखालचा खांदा गेला आणि बुवा पायरीवर बसले. बसले म्हणजे... आदळलेच.

लॅपटॉप असा आपटला, की खालच्या गावात म्हशींनी दूध चोरलं म्हणतात. म्हशींना मी विचारलेलं नाही. खरं तर तो दोनच पायऱ्या खाली गेला होता.

बुवांच्या तळव्याचं साल निघालं होतं. त्यांनी पायरीवर थोपटलं. पोर पडलं की म्हणतात तसं स्वतःलाच म्हणाले, "मुंगी मेली, मुंगी मेली!" मग हाक मारली, "वामन, बस जरा इथं."

वामन खाली लॅपटॉप उघडून कळा बडवत होता. त्याला ऐकूच गेलं नाही.

बुवांना वर आणलं ते गोदाक्कानं. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे, आणि मठाची जीभही तिच्याचकडे. हळद लावता लावता ती म्हणाली, "शब्द तेवढे उचललेस रे बाबा. महाराज राहिले पायरीवर."

तेव्हापासून वामन बुवांच्या समोर होता, पण हाताच्या अंतरावर नव्हता. बुवा भिंत धरून चालत होते.

"काय काय करून पाहिलंस?" बुवांनी विचारलं.

"बंद करून परत चालू केला. सगळ्या सेटिंग पाहिल्या. खालच्या गावातल्या शाळेतून दुसरा कीबोर्ड आणून जोडला. तुमची प्रवचनं शाबूत आहेत, महाराज."

"बरं झालं. माझ्या तर काही लक्षात नाही."

"आता उघडूनच बघतो."

"बघ. मी आहे इथं."

वामननं लॅपटॉप बंद केला, उलटा घातला, बारीक स्क्रू काढून वाटीत ठेवले. वाटी आमटीची होती. गोदाक्कानं ती दुरूनच ओळखली, पण पहिल्यांदाच गप्प राहिली.



"सापडलं," वामन म्हणाला. "कीबोर्डची एक पट्टी असते, कागदाएवढी पातळ. ती खाचेतून सरकलीय."

"तुटली?"

"नाही. धक्का बसला ना, म्हणून..."

"मग आता तिला ओरडणार?"

वामनला हसू आलं. "पट्टीला काय ओरडायचं, महाराज? हलक्या हातानं परत जागेवर बसवायची. झालं."

बुवांनी हळद लावलेला तळवा मांडीवर उताणा ठेवला.

वामनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. 

त्यानं पट्टी बसवली. खटका लावला. झाकण घातलं, लॅपटॉप चालू केला आणि एक कळ दाबली. पडद्यावर अक्षर उमटलं. दुसरी दाबली. तीही चालली. असा कीबोर्ड चालू झाला की माणूस ओरडतो, निदान चहा तरी मागतो. वामननं लॅपटॉप मिटून बाजूला सारला.

आरतीची वेळ झाली. बुवा उठले आणि त्यांनी भिंतीकडे हात नेला.

"महाराज... भिंत खडबडीत आहे. हात दुखेल."

"दुखतोय. शिवाय ही बोलतही नाही काही."

वामन बसलेलाच. "सकाळी मी खांदा काढून घेतला."

"हं."

"तुम्ही पडाल हे मनातच आलं नाही. लॅपटॉप वाचेल असं वाटलं."

"वाचला?"

"नाही. आपटलाच."

"मी वाचलो बघ!" बुवा खुदकन हसले. "न धरता."

वामनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायलाही त्याचे हात उठेनात.

बुवांनी भिंत सोडली. हळद लावलेला तो हात त्यांनी समोर धरला, नुसत्या हवेत. त्याच्याखाली काहीच नव्हतं...

गोदाक्का दारातून एक पाऊल पुढं झाली आणि कशी कोण जाणे, तिथंच थांबली.

वामन उठला. त्या हाताखाली जाऊन, जरा वाकून उभा राहिला. बुवांची बोटं आधी त्याच्या केसांत गेली, मग कानावर, मग खांदा सापडला.

दोघं दारापर्यंत आले. पुढं पायऱ्या होत्या. वामनचे पाय थबकले.

"महाराज, परत निसटला तर?"

"काय, तो डबा?"

"नाही... खांदा."

बुवांनी पायानं पहिली पायरी चाचपली.

"मग दोघं बसू की पायरीवर."