बाहेरचं कुलूप

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे माझा जन्म व्हायचा होता तेव्हा. पण त्याने काय बिघडतं?

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात काळ्या दगडाची एक इमारत होती. पहिल्या राजाने ती धान्याचं कोठार म्हणून बांधली. उंदीर शिरू नयेत म्हणून खिडक्या नाहीत, नुसते छताजवळ झरोके. चोर शिरू नयेत म्हणून एकच जाडजूड दार, आणि त्याला कुलूप बाहेरून.

दुसऱ्या राजाने तिथे कैदी कोंडले. त्याला काही बदलावंच लागलं नाही! नियम तेवढा नवा आला : दिवेलागणीला कुलूप लावायचं आणि किल्ली टेकडीवरच्या गढीत हवालदाराकडे द्यायची. सूर्य उगवल्याशिवाय ती खाली येणार नाही. एका पहारेकऱ्याने एकदा कंटाळा केला, तर त्याचं मुंडकं वेशीवर टांगलं.

मग गादीवर राणी आली. मोठी मायाळू. तिने कैदी सोडले, भिंतींना चुना दिला, पाळणे टांगले आणि म्हणाली, "आजपासून हे बाळंतघर." गावाने साखर वाटली. दाराकडे कुणी पाहिलं नाही.

पहारेकरी होता तो त्या टांगलेल्या पहारेकऱ्याचाच मुलगा. दिवे लागले की त्याचे हात आपोआप कुलपाकडे जात. म्हातारी सुईण त्याला फाडून खाई, "काय रे मुडद्या, ओल्या बाळंतिणी काय दरोडे घालायला पळणार आहेत?"

"नियम मोडा, असं कुणी सांगितलंय का मावशी?" तो म्हणे, आणि मानेवरून हात फिरवी.

पुढे त्याची एकुलती लेक त्याच घरात बाळंत झाली. संध्याकाळी तो दार ओढत असताना ती आतून म्हणाली, "बाबा, आज राहू द्या ना उघडं. जीव घाबरतो."

तो थबकला. मग त्याला बापाचं मुंडकं आठवलं. कुलूप लागलं, किल्ली वर गेली.

टेकडी उतरताना त्याला झरोक्यांतून धूर दिसला. शेकाच्या शेगडीतली ठिणगी पेंढ्याच्या अंथरुणावर पडली होती. दारावर आतून धपाधप हात आपटत होते. तो आल्या पावली वर पळाला.

"किल्ली द्या हवालदार! माझी पोर आहे आत!"

हवालदाराने किल्ली मुठीत आवळली. "सूर्य उगवायच्या आधी? माझी मान काय मला जड झालीय? हुकूम आण आधी!"

ज्याचा तो नियम, तो राजा कधीच मेला होता. दोघांनाही ते ठाऊक होतं. तरी दोघांचेही हात आपापल्या मानेकडे गेले. खालचा आवाज मंदावत चालला.

शेवटी पहारेकरी हवालदाराच्या मनगटाला कडकडून चावला, किल्ली हिसकावली आणि ठेचकाळत खाली आला. दार उघडलं. काळ्या धुरातून बाया खोकत बाहेर पडल्या. सगळ्यांत शेवटी त्याची लेक आली, बाळाला छातीशी धरून.

राणीने ते दार उखडून चौकात जाळलं. नव्या दाराला कडी बसवली, ती आतून. पहारेकरी मात्र पुन्हा त्या इमारतीकडे फिरकला नाही.

तात्पर्य : घराचं नाव बदलून भागत नाही, मेलेल्या राजाच्या भीतीने लागलेलं कुलूप आधी काढावं लागतं.

बाकी सगळं खरं. किल्ली वेळेवर पोचली, एवढंच माझ्या पदरचं.