तीन दगड आणि एक डहाळी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे पालखीतून फिरत आणि बातम्या पायी येत. ऐका, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकावी, कारण गोष्टीतली चूक मोठ्या माणसाचीच आहे.

एका राज्यात सलग तीन वर्षं पाऊस रुसला. माणसं घरांना कड्या घालून दूर नदीकाठी निघाली, दुसऱ्यांची पिकं कापायला. राजाला ते खरंच वाटेना. त्याने आपल्या चिताऱ्याला सांगितलं, "जा, आणि दिसेल तसं काढून आण."

चितारी हाताचा मोठा कसबी. चालत चालत तो एका फाट्यावर पोचला. तिथे मजुरांची टोळी जरा टेकली होती. येसू नावाची एक बाई गाठोड्यावर बसून, आल्या वाटेकडे टक लावून पाहत होती. ते डोळे चिताऱ्याला चित्रात हवेसे वाटले. त्याने तिथेच कुंचला काढला.

पण तिच्या पायाशी तीन दगड रचलेले होते आणि त्यांत कडुनिंबाची हिरवी डहाळी खोचलेली होती. दुष्काळाच्या चित्रात हिरवा रंग? चिताऱ्याला तो खुपला. दगड उचलायला तो वाकला.

"हात लावू नगा, दादा," येसू म्हणाली. "आमचं धनी मागनं येत्यात. बैल थकलाय, त्येला सोडून येववंना त्यास्नी. ही डहाळी बघूनच डावी वाट धरतील."

"घडीभरच, बाई. चित्र झालं की होतं तसं ठेवतो."

"नक्की ठिवाल न्हवं?"

"ठेवतो म्हणजे काय, ठेवतोच!"

त्याने दगड बाजूला सारले. तेवढ्यात टोळी उठून डाव्या वाटेला लागली. येसू मागे वळून वळून पाहत गेली. चितारी तिचे डोळे रंगवण्यात असा काही गुंगला, की चित्र पुरं होताच ते गुंडाळून आनंदाने थेट राजवाड्याकडे सुटला. दगड धुळीत विखुरलेले राहिले आणि डहाळी उन्हात वाळून गेली.

चित्र पाहून राजा रडला. कोठारं उघडली, विहिरी खोदल्या. पुढच्या वर्षी पाऊस आला, माणसं घरी परतली. चिताऱ्याच्या हातात सोन्याचं कडं आलं.

आणखी एक सुगी गेली. एके दिवशी राजवाड्यात चित्र पाहणाऱ्यांच्या गर्दीत येसू आली. चितारी तिथेच उभा होता. सगळे चित्रातल्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती पाहत होती पायाशी.

"दादा, दगड कुठं हायेत?"

"ते परत ठेवायचे राहिले, बाई," चितारी म्हणाला.

"म्हंजी वाटंवरबी न्हवते," ती हळूच म्हणाली. "दोन सुगी वाट बघितली. मला वाटलं, धन्यांनी मला टाकलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

चिताऱ्याने कडं उतरवून ठेवलं आणि चित्रात तीन दगड काढले, वर हिरवी डहाळी काढली. दरबारी म्हणाले, चित्र बिघडलं. त्याने लक्ष दिलं नाही. फाट्यावर जाऊन त्याने खरे दगड रचले, ताजी डहाळी खोचली, आणि स्वतः उजव्या वाटेने निघाला. थकल्या बैलाबरोबरचा माणूस कुणी पाहिला का, असं तो गावोगाव विचारत गेला.

येसू मात्र रोज दारात बैलासाठी पाणी भरून ठेवत राहिली.

दुसऱ्याचं दुःख जगाला दाखवायला निघालेल्याने आधी त्याची आशा जपावी.