सरदेसायांचं आवडतं वाक्य

खाडीकाठच्या एका गावी एक सरदेसाई होते. कुणाची म्हैस मेली, कुणाचं लग्न मोडलं, की ते मान डोलावून म्हणत, "मी आधीच म्हटलं होतं!" ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड होई, पण सरदेसायांना बोलणार कोण?

एकदा त्यांचं मिठाचं गलबत वादळात बुडालं. माणसं कशीबशी पोहून वाचली. सरदेसायांनी भर कचेरीत गलबत हाकणाऱ्या जानू तांडेलाला दोषी धरून गाव सोडायचा हुकूम दिला आणि वर म्हणाले, "वादळ येणार, हे मी आधीच म्हटलं होतं!"

जानूची बायको आवडी पुढे झाली. हात जोडून शांतपणे म्हणाली, "सरकार, त्या दिवशीच गलबत हाकारा, हा हुकूम आपलाच होता. वादळाचं आपल्याला ठाऊक होतं, तर गलबत आपणच बुडवलंत. ठाऊक नव्हतं, तर माझ्या धन्याला तरी कसं असणार? आता आपणच सांगावं, म्हटलं होतं की नव्हतं?"

सरदेसाई खाकरले, पागोटं सारखं केलं आणि हळूच म्हणाले, "नव्हतं म्हटलं."

जानू गावातच राहिला. पुढे कुणाचं काही बिघडलं, की सरदेसाई नुसतं "अरेरे" म्हणत, आणि लोकांना तेवढ्यानंही बरं वाटे.