नदीपलीकडचं मांस

खडकावर खूर घसरल्याचा आवाज आणि त्यामागून गाईचं घाबरं हंबरणं, हे तांबी रानकुत्रीने फार वर्षांपूर्वी, ती एवढीशी असताना ऐकलं होतं. नदीपलीकडच्या रानात तेव्हा गाईंना वेड लागे. चालता चालता त्या लटपटत आणि कोसळत. ज्यांनी त्यांचं मांस खाल्लं, तेही पुढे कित्येक वर्षांनी तसेच कोसळले. म्हणून पलीकडचं मांस आणायला बंदी झाली.

यंदा शिकार आटली, तशी वाघमहाराजांनी बंदी उठवली. तरस कारभाऱ्याने पलीकडच्या गाईची तंगडी ओढत आणून महाराजांसमोर टाकली.

रानकुत्र्यांत रीत अशी, की आधी पिल्लांनी खायचं आणि मग मोठ्यांनी. तांबीची पिल्लं भुकेने कळवळत धावली. ती आडवी आली.

"कारभारी, गाय धडधाकट होती ना?"

"अगं, बघूनच आणलीय! आपल्या रानात आजवर कोणी पडलंय का?"

"पडायला वर्षं लागतात, दादा."

"तुला तर पान हललं तरी भीती! मांस चांगलं आहे, हा महाराजांचा शब्द आहे."

पिल्लांच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. तांबी वाघाकडे वळून हळूच म्हणाली, "महाराज, तुम्ही आम्हा सगळ्यांचे बाप. आज आमची रीत मोडते. पहिला घास तुम्ही घ्या, मग पिल्लांना सोडते."

वाघाने तंगडी हुंगली. एकदा पिल्लांकडे पाहिलं. मग घास न घेताच तो झाडीत निघून गेला.