येसाजी पाथरवटाचा गज

जपून हं मंडळी, वाकून बघू नका. मागल्या वर्षी एका प्राध्यापकांचा चष्मा पडला त्यात, आणि काढायला उतरावं लागलं मला! हा आमच्या औद्योगिक वसाहतीतला सगळ्यांत जुना खड्डा. गिरणीचं मोठं चाक यात फिरायचं. इकडच्या तीन भिंती कशा आरशासारख्या घोटीव आहेत, आणि ही चौथी बघा, सगळी टाक्यांच्या, म्हणजे दगडाच्या छिन्न्यांच्या, घावांनी भरलेली. ती अशी का, ते सांगतो.

हा ओढा म्हणजे पूर्वी दोन संस्थानांची शीव. अलीकडे दहिवळ, पलीकडे करंजगड. राजे वेगळे, जकात वेगळी, मापंसुद्धा वेगळी. मग देश स्वतंत्र झाला, संस्थानं विलीन झाली, आणि दोन्हीकडचे दरबारी कारागीर एका दिवसात रिकामे बसले. वाडे बांधणार कोण आता? साठ घरं होती म्हणे, चुली कशाबशा पेटायच्या. तेव्हा दोन्ही गावांनी मिळून कापसातली सरकी काढायची गिरणी घालायचं ठरवलं. इंजिन देणाऱ्या व्यापाऱ्यानं एकच अट घातली: दसऱ्याला गिरणी फिरली पाहिजे, नाहीतर इंजिन उचलून दुसऱ्या गावाला देईन.

करंजगडच्या मार्तंड सुतारानं तीन गजांचं लाकडी चाक केलं, त्यावर लोखंडी धाव, म्हणजे कडं, चढवली. दहिवळच्या येसाजी पाथरवटानं त्याहून चार बोटं मोठा खड्डा बांधला. दोघेही आपापल्या कामात बापमाणूस. चाक दोरांनी खाली सोडलं आणि दोन बोटांनी अडकलं!

अहो, करंजगडचा गज दहिवळच्या गजापेक्षा दोन बोटं लांब होता, म्हणजे तीन गजांत सहा बोटं, आणि खड्ड्यात जागा चारच बोटांची. शाळेतल्या पोरालाही कळेल असली गोष्ट, पण त्या दिवशी कुणाला समजून घ्यायची नव्हती. धाव उतरवून चाक लहान करायचं तर महिना गेला असता. भिंत तासायची तर तीन दिवसांचं काम. पण दहिवळची माणसं खड्ड्याच्या काठावर फतकल मारून बसली. म्हणाली, "आमच्या दगडाला टाकी लागणार नाही. आमच्या राजाचा गज आखूड म्हणता काय?" पलीकडचे चाकाभोवती काठ्या घेऊन उभे. राजे गेले, संस्थानं गेली, आणि ही मंडळी गजासाठी भांडतायत! मला तर आजही ऐकताना राग येतो. दसऱ्याला आठ दिवस उरले होते.

येसाजीच्या घराण्यात पाच पिढ्या एक रीत होती. ज्याचा गज खोटा निघेल, त्यानं पुन्हा टाकी हातात धरायची नाही. त्याचा गज, मापाची ती लाकडी पट्टी, देव्हाऱ्यात असायचा, आणि एका केसाचीही चूक त्यात नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, मार्तंडालाही ठाऊक होतं.

असं सांगतात, की पाचव्या दिवशी येसाजी तो गज घेऊन आला. आपल्याच माणसांसमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझा गज खोटा आहे. चूक माझी आहे. उठा आता."

त्यानं गज गुडघ्यावर आपटून मोडला, पिशवीतल्या टाक्या काढून पुतण्याच्या हातात दिल्या, आणि घरी गेला. सगळ्या आयुष्यात मापाच्या बाबतीत तो तेवढं एकच खोटं बोलला. मग त्याच्याच माणसांनी रडत रडत ती भिंत तासली. घाईचं काम, म्हणून घाव असे राहिले.

दसऱ्याला चाक फिरलं. इंजिन राहिलं. पुढं फाउंड्री आली, लेथ आले, आज या वसाहतीत चारशे शेड आहेत.

आणि येसाजी? पोटाला तर हवंच ना. त्यानं गिरणीत हमाली धरली. साठीच्या पुढचा माणूस, पाठीवर कापसाचं बोचकं घेऊन दारातून आत यायचा. मार्तंड तिथं मुख्य मिस्त्री झाला होता. येसाजी आत आला की मार्तंड हातातलं काम खाली ठेवायचा आणि उभा राहायचा. दोघं एकमेकांशी कधी त्यावर बोलले नाहीत म्हणे. मार्तंडाचं बघून बाकीचेही उभे राहू लागले.

आजही इथल्या कुठल्याही शेडमध्ये ओझं घेऊन हमाल आला, की कारागीर उठून उभा राहतो. मालक असला तर मालकही. मी कामाला लागलो त्या आठवड्यात मला हे ठाऊक नव्हतं. चहा पीत बसून राहिलो होतो. आमच्या उस्तादांनी चालू लेथ बंद केला, माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाले, "उठ. येसाजीबाबा आत आलेत."

मी वळून बघितलं. परगावाहून कालच आलेला कुणी हमाल होता, नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मी उभा राहिलो.