कौमुदीची झोप

एकदा एका व्यापाऱ्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येत असताना घाटातच दगावली. जवळ ना वैद्य होता, ना सुईण. तिचे वर्षश्राद्ध झाल्यावर तो व्यापारी नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे गेला. आचार्य वैद्यकात निष्णात होते आणि दूरदूरचे शिष्य त्यांच्याकडे शिकत. व्यापारी हात जोडून म्हणाला, "त्या घाटमाथ्यावर मी सूतिकागृह बांधतो. ते चालवणारे माणूस मात्र आपण द्या."

आचार्यांनी आपली सर्वांत जाणती शिष्या त्याच्याबरोबर धाडली. तिचे नाव कौमुदी. आईवडील लहानपणीच गेलेली ही मुलगी आश्रमालाच घर मानून वाढली होती. निघताना ती एकदाही मागे वळली नाही, कारण वळली असती तर पाऊल पुढे पडले नसते.

सूतिकागृह देखणे झाले. घडीव दगडाच्या भिंती, सागवानी खांब, पुढे रुंद ओवरी. आसपासच्या वस्त्यांमधल्या बायका आधी बुजल्या, मग एकीचे पाहून दुसरी येऊ लागली. भिवरा नावाची एक विधवा धनगरीण सुईणपणात तरबेज होती. ती आपल्या दोन पोरांसह तिथे येऊन राहिली. दोघी मिळून पाणी तापवत, अडलेल्या बाईला धीर देत आणि काम सरले की एकमेकींची चेष्टा करत भाकरी खात. कौमुदीला वाटे, आपले दुसरे घर हेच.

व्यापारी दरवर्षी दिवाळीनंतर येई आणि प्रत्येक वेळी काही नवे देऊन जाई. कधी शिसवी पाळणे, कधी पितळी समया, कधी नवी पडवी. त्याची अट एकच होती, "माझे दान वास्तूत दिसले पाहिजे. कुणाच्या पोटात जाऊन ते नाहीसे व्हायला नको." भिवरेला देण्यासाठी कौमुदीच्या हाती काहीच उरत नसे. बाळंतिणींच्या घरून कधी पायलीभर नाचणी येई, कधी नुसता आशीर्वाद. अखेर भिवरा पोरांना घेऊन घाटाखालच्या चुनाभट्टीवर कामाला गेली. जाताना तिने डोळे पुसले. "बाई, मन हितंच हाय," ती म्हणाली, "पन पोरांना मन शिजवून घालता येत न्हाई."

त्यानंतर कौमुदी एकटी उरली. एकटीने माणसांत राहणे हे रानात राहण्याहून कठीण असते, हे तिला तिथे कळले. येणारी प्रत्येक बाई कळा घेऊन येई आणि बाळ घेऊन जाई. कुणी राहत नसे. काढ्यात काय घालायचे ते ती मोठ्याने बोलू लागली, निदान आपला तरी आवाज कानी पडावा म्हणून. एकदा एक मूल मेलेलेच जन्मले. त्या आईला गळ्यात पडून रडायला सासू होती, जाऊ होती. कौमुदीने जमीन धुतली, हात धुतले आणि ती रिकाम्या पडवीत बसून राहिली. तिच्या रडण्याला गळा कुणाचाच नव्हता.

व्यापारी आला की विचारी, "सगळे ठीक ना, बाई?"

"आपल्या कृपेने," ती म्हणे. लेक गमावलेल्या बापाला आणखी काय सांगायचे?

एका वर्षी तो दुसऱ्या दालनाची पायाभरणी करायला आला. बरोबर गवंडी होते, आणि पहिली कुदळ मारण्यासाठी त्याने साक्षात आचार्यांनाही मेण्यातून आणले होते. कौमुदीने मनाशी ठरवून टाकले होते. मुहूर्त पार पडला की गुरुजींचे पाय धरायचे आणि म्हणायचे, मला परत न्या. पुढे या घराचे काय होईल, हा विचार करण्याचीही शक्ती तिच्यात उरली नव्हती.

ती नमस्काराला वाकली. आचार्यांनी तिला उठवले आणि बराच वेळ ते तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले.

"जेवलीस?"

"हो, गुरुजी."

"काय जेवलीस?"

तिला आठवेना.

आचार्यांनी काठी भिंतीला टेकवली, ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी स्वतः मऊ भात शिजवला. वर तूप घालून तिला समोर बसवून जेवू घातले. मग म्हणाले, "आता जा, झोप."

"गुरुजी, मुहूर्त..."

"मुहूर्त थांबेल."

ती आत आडवी झाली, तर आचार्य दाराच्या उंबऱ्यावरच बसले. बाहेर गवंडी हार घातलेल्या कुदळी घेऊन उभे. व्यापाऱ्याला काही कळेना. तो दबक्या आवाजात म्हणाला, "आचार्य, माणसे खोळंबली आहेत."

"खोळंबू द्या. ही आपणहून जागी होईपर्यंत इथे कुणी काही बांधायचे नाही."

एवढे कौमुदीच्या कानावर पडले आणि तिला गाढ झोप लागली.

ती जागी झाली ती कपाळावरच्या हाताने. आचार्य वाकून उभे होते. "बाळ, तुला उठवायचे नव्हते. पण इलाज नाही." बाहेर झोळीतून एक बाई आणलेली होती आणि पोटात मूल आडवे आले होते. आचार्यांचे हात आता थरथरत, या कामाला ते उपयोगाचे नव्हते. चुलीपाशी पाणी तापवायला व्यापारी बसला होता. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते. लाकडे ओली होती, आणि कोणती वस्तू कुठे आहे हे सांगणारे कुणी नव्हते.

कौमुदी उठली. तिने मूल हलक्या हाताने फिरवले, आईला धीर दिला, आणि उन्हे कलता कलता आतून एक किरटे रडणे ऐकू आले. ओवरीतला व्यापारी खांबाला धरून उभा होता. तो आवाज ऐकताच तो खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

सावरल्यावर त्याने विचारले, "आचार्य, आपण मुहूर्त का मोडलात?"

आचार्य म्हणाले, "शेठजी, मला एवढेच पाहायचे होते, की या घरात ही मुलगी एक दुपार निवांत झोपू शकते का. नाही झोपू शकत. तुमच्या भिंती शंभर वर्षे टिकतील, पण ही उद्या तापाने फणफणली तर घर उद्याच बंद पडेल. तुमची लेक भिंती नव्हत्या म्हणून गेली नाही. जवळ माणूस नव्हते म्हणून गेली. मग माणसाच्या पोटात गेलेले दान नाहीसे झाले असे कसे म्हणता? दुसरे दालन राहू द्या. झोळीबरोबर आलेली माणसे जिचे नाव घेत होती, त्या भिवरेला परत बोलवा. आणखी एकीला हाताखाली शिकू द्या. काय आधी हवे आणि काय नंतर, ते हिला ठरवू द्या. आणि देणे असे नेमून द्या, की पुढच्या वर्षी हाती काय पडेल याची हिला दर दिवाळीला धास्ती वाटू नये. आणखी एक. सगळे ठीक ना, असे दात्याने विचारले की घेणाऱ्याजवळ उत्तर एकच असते."

"मग काय विचारू?"

आचार्यांनी कौमुदीकडे पाहिले. व्यापारी उठला आणि ओवरीच्या पायऱ्यांवर कौमुदी बसली होती तिच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला.

"बाई, इथे जड काय जाते?"

"काही ना..." ती म्हणाली आणि थांबली. व्यापारी तिथेच बसून राहिला. मग ती म्हणाली, "शेठजी, मी आज निघून जाणार होते."

आणि मग ती सांगत राहिली. भिवरेचे जाणे, मेलेले जन्मलेले मूल, रिकामी पडवी, सगळे. व्यापाऱ्याने सांत्वन केले नाही की मध्ये एक शब्द घातला नाही. शेवटी तो एवढेच म्हणाला, "पोर गेल्यापासून मीही कुणाशी बोललेलो नाही."

गवंड्यांनी स्वयंपाकघराचे गळके छप्पर नीट केले आणि ते घाट उतरून गेले. भिवरा पोरांसह परत आली. पुढच्या चातुर्मासात आचार्यांनी कौमुदीला हट्टाने आश्रमात बोलावून घेतले. ती भीत भीत गेली, आणि पहिले काही दिवस कुणी हाक मारली असे वाटून दचकून उठत राहिली. परतताना वाटेत ती पलीकडच्या खोऱ्यातल्या एका हाडवैद्य बाईकडे उतरली. तीही आपल्यासारखीच एकटी राबते आहे, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितले नव्हते. दोघी पोटभर बोलल्या.

कार्तिकात ती घाटमाथ्यावर पोचली. दारात एक अनोळखी बाई पाणी भरत होती. कौमुदीला पाहून ती म्हणाली, "कोन पायजे, बाई? आत बाळंतीन हाय. वाईच बसा."

आतून भिवरेचा आवाज येत होता, कुणाला तरी दटावून धीर देणारा. कुणी कौमुदीची वाट पाहत नव्हते. तिच्यावाचून काहीही अडले नव्हते. हे जाणवून तिच्या काळजात बारीकशी कळ उठली, आणि मग आपोआप शमली.

"बसते हं," असे म्हणून ती ओवरीच्या कडेला टेकली आणि पाय सोडून निवांत बसून राहिली.