सातशे पानांचं शेत

मृदाशास्त्राच्या एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा घ्यायला डॉ. हिंगमिरे येणार म्हटलं की मुलांचं जेवण सुटायचं. माती परीक्षणावर सरांचा सातशे पानांचा ग्रंथ होता आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "माझा ग्रंथ पूर्ण वाचलात का?" 'हो' म्हणणाऱ्याला ते मधलंच एखादं पान विचारून आडवं करत. 'नाही' म्हणणाऱ्याला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावत.

त्या वर्षी पहिली आत गेली कुंदा खरपुडे.

"पूर्ण नाही वाचला, सर," ती म्हणाली. "पण कळला."

सरांनी चष्मा काढला. "न वाचताच?"

"तुमच्याच पद्धतीनं, सर. माती पारखायला सगळं शेत खणायचं नसतं, नागमोडी फिरत दहा ठिकाणचे नमुने घ्यायचे, असं तुम्हीच लिहिलंय. मी दहा ठिकाणची पानं वाचली. बांधाजवळचा नमुना चालत नाही, म्हणून सुरुवातीची प्रस्तावना आणि शेवटचे आभार सोडले."

शेजारी बसलेले कॉलेजचे प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले.

"मग निघालं काय?"

"माती उत्तम आहे, सर. फक्त दहाही ठिकाणी तीच निघाली, म्हणून पुढं खणलं नाही."

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि तिला पास केलं.

पुढच्या वर्षी ग्रंथाची नवी आवृत्ती आली, दोनशे पानांची. शेवटच्या आभारांत कुंदाचं नाव होतं. तिला मात्र ते दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत कळलं नाही.